अकरावा कुठे उतरला?

सायलस आम्पोफो बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. तो तुमच्या डोक्यावरून वर बघतो. नवा माणूस बिचारा आपल्या टोपीला हात लावून पाहतो. त्याची बायको एस्थर सांगते, की लग्नात पाद्रीबाबांनी "हिचा स्वीकार करतोस का?" विचारलं, तेव्हा हा चर्चच्या खिडकीतून एका घारीकडे बघत होता. "हो म्हणाला, पण मला की घारीला, ते अजून कळलेलं नाही," असं ती वर जोडते. त्यांना तीन मुलं आहेत, तेव्हा उत्तर मिळालं असावं. पण बोलायची हौस कुणाला चुकलीय?

यात सायलसचा दोष नाही, नोकरीचा आहे. न्कॉकॉ गावाच्या बाहेर, क्वाहूच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचं केंद्र आहे. तिथून रोज शंभरेक ड्रोन उडतात. रक्ताच्या पिशव्या, लसी, सापाच्या विषावरची औषधं पोटात घेऊन ती गलोलीतल्या दगडासारखी रुळावरून सुटतात. इस्पितळाच्या अंगणावर पोचली की कागदी छत्रीला बांधलेला खोका खाली सोडतात आणि माघारी फिरतात. ती कुणाला धडकू नयेत, कुणी त्यांना धडकू नये, एवढंच सायलसचं काम. मी शीतखोलीत पिशव्या भरतो. माझी पिशवी एकदा खोक्यात गेली की मी मोकळा. सायलसचं तसं नाही. ड्रोन उडालं की त्याच्या पायाला जी भिंगरी लागते ती ड्रोन परत येईपर्यंत, आणि ते परत येईपर्यंत दुसरं उडालेलं असतं.

गावात कुणी नवा मनोरा बांधला, चर्चवर कळस चढवला, की हा दुसऱ्या दिवशी दारात. "उंची किती?" एका पाद्रीबाबांना वाटलं, देणगी द्यायला आलाय. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बांधकामाचा अख्खा इतिहास ऐकवला. शेवटी हा म्हणाला, "ते सगळं छान आहे बाबा, पण वरचा क्रूस धरून सांगताय की सोडून?" मयताला ड्रोनवरून चित्रण करायची फॅशन आली, तेव्हा तर हा दर शनिवारी तांबडा-काळा कपडा नेसून अनोळखी मयतांना जाऊ लागला. रीतीप्रमाणे घरच्यांशी हात मिळवायचा, दुःख व्यक्त करायचं, आणि मग चित्रणवाल्याचा कान धरून त्याला मांडवामागे न्यायचं. लोक त्याला 'हवेचा हवालदार' म्हणतात. काही घरांनी त्याचा चेहरा इतक्यांदा पाहिलाय, की ती त्याला नातेवाईकच समजतात.

अशा माणसाच्या नशिबी ईस्टर यावा आणि तोही क्वाहूचा, हा देवाचा विनोद म्हणायचा.

क्वाहूचा माणूस वर्षभर कुठेही दुकान थाटून बसलेला असो, ईस्टरला डोंगरावर आपल्या गावी येतोच. त्या चार दिवसांत घाटात गाड्यांची अशी रांग लागते, की पुढच्या गाडीतल्याचा मुलगा मागच्या गाडीतल्याची मुलगी पसंत करून मोकळा होतो. आणि त्याच दिवसांत डोंगराच्या कड्यावरून पॅराग्लायडिंगचा खेळ असतो. देशोदेशीचे उडवय्ये येतात, पुढ्यात एकेक हौशी माणूस बांधून घेतात आणि रंगीत पंख पसरून कड्यावरून उडी टाकतात. खाली न्कॉकॉच्या मैदानावर उतरायचं, असा बेत. वाऱ्याच्या मनात काय असतं ते वाराच जाणे.

या पंखांवर ना दिवा, ना खूण सांगणारं यंत्र. आमच्या ड्रोनला ते दिसत नाहीत. म्हणून खेळ चालू असेपर्यंत कड्याभोवतीची हवा आम्हाला बंद असते. तातडीची गरज पडली तर आम्ही कळवायचं, त्यांनी उड्या थांबवायच्या, वरचे सगळे खाली आले याची मोजदाद करायची आणि मग आम्हाला पंधरा मिनिटं मोकळी द्यायची. हा करार सायलसने महिनाभर खेटे घालून केला होता. तिथले मुख्य म्हणजे ओपान्यिन आदोफो, निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना नाना म्हणतात. करार झाला त्या दिवशी सायलसने त्यांच्या हातात आमचा बोलायचा संच ठेवला. "नाना, हा जीवापाड जपा."

नानांनी जपला. पुढे कळलं, की त्यांनी तो फडक्यात गुंडाळून घरच्या कपाटात ठेवला होता आणि किल्ली कमरेला लावली होती. हेडमास्तर होते ना. शाळेचा पृथ्वीगोलही ते तसाच जपत.

शनिवारी दुपारी पावणेदोनला डोंगरापलीकडच्या, सरोवराकाठच्या छोट्या इस्पितळातून सिस्टर आसाबेआची मागणी आली. बाळंतपण झालेलं, बाळ ठीक, आईचं रक्त थांबत नव्हतं. त्यांच्याकडच्या दोन्ही पिशव्या चढवून झाल्या होत्या. आणखी तीन हव्या होत्या. सिस्टर एरवी आम्हाला दोन टोमणे मारल्याशिवाय फोन ठेवत नाही. त्या दिवशी मारले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं.

मी पिशव्या भरल्या, ड्रोन सोडणाऱ्या डोरिसने ते रुळावर चढवलं, राजधानी अक्राच्या विमानतळावरच्या मनोऱ्याची परवानगीही मिळाली. राहिला कडा. सायलस संचावर हाका मारतोय, आणि हाका जाताहेत नानांच्या कपाटात. डोंगरावर फोन लागत नव्हता. सगळं क्वाहू घरी आलेलं, आणि प्रत्येकाकडे दोन दोन फोन.

"उत्तरेकडून वळसा घालू?" डोरिसने विचारलं.

सायलसने नुसतं बोट दाखवलं. उत्तरेला काळा ढग पाय रोवून उभा होता, मध्येच वीज चमकत होती.

"गाडीने?"

"घाटात? सोमवारी पोचेल." त्याने हातसंच उचलला. "ओबिरी, तुझी मोटरसायकल काढ."

घाटातली ती पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. गाड्यांच्या रांगेच्या कडेने मी चाललोय आणि मागे हा, एका हाताने माझा खांदा पिळतोय आणि मान वर. "नऊ दिसतात... दहा... तो निळा उतरतोय... ओबिरी, ट्रक!" ट्रक मला दिसत होता. त्याला कसा दिसला, तेच मला कळेना.

कड्यावर मांडवात नाना बसले होते. आम्हाला बघून उठले आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या.

"या, या. बसा. अगं, पाणी आण."

"नाना, पंख थांबवा!"

"बस आधी."

"नाना, बाई मरतेय!"

"पाणी घे."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी बसायला, मग पाणी, मग हात मिळवायचे आणि मग घरच्या वडीलधाऱ्याने विचारायचं, "इथे सगळं शांत आहे, तुमचं येणं कसं झालं?" मग पाहुण्याने निघाल्यापासूनची हकिगत सांगायची. तुम्ही का आलात हे अख्ख्या गावाला ठाऊक असलं तरी विचारायचं आणि सांगायचं. आग लागली म्हणून बादली मागायला आलेल्याला सुद्धा यातून सुटका नाही, फक्त पाणी जरा लवकर येतं.

सायलसने पेला एका घोटात संपवला, निम्मा शर्टावर. नाना शांतपणे म्हणाले, "इथे सगळं शांत आहे. येणं कसं केलंत?"

मला वाटलं, हा आता कड्यावरून उडी टाकतो, पंखाशिवाय. पण नानांनी हात वर केला. "ते तांबडं फडकं बघ. वळणावर तुझा शर्ट दिसला तेव्हाच वर चढवलं. तेव्हापासून एकही उडालेला नाही. मी चाळीस वर्षं शाळा चालवलीय, धावत येणारा माणूस मला कळतो. पण म्हणून काय पाणी विचारायचं नाही?"

सायलस ओशाळला. क्षणभरच. "वर किती आहेत?"

नानांनी खडूने लिहिलेला फळा पुढे केला. अकरा उडाले होते. मैदानावरचा माणूस खेळाच्या वेगळ्या छोट्या संचावर एकेक कळवत होता. सहा उतरले. आठ. दहा.

मग काही नाही.

"अकरावा?"

"नारिंगी पंख. उडवणारा पोलंडचा, यान नावाचा. पुढ्यात बोआतेमाबाई. अक्राच्या बाजारात कापडाचं दुकान आहे त्यांचं. दणकट बाई. वारा त्यांना नेईना, की त्या वाऱ्याला नेईनात, काही कळलं नाही. त्या टेकाडाआड गेले, ते अर्ध्या तासापूर्वी."

"त्याला हाक मारा."

"मारली. त्याच्या संचाची बॅटरी गेली असणार."

सायलसने दुर्बीण घेतली. टेकाडाच्या वर, ढगाच्या कडेला, दरीत. घारी होत्या भरपूर. नारिंगी काही नाही. आमच्या ड्रोनची वाट नेमकी त्या टेकाडावरून जाते.

हातसंच खरखरला. डोरिस होती. "सिस्टर विचारतेय, निघालं का? डॉक्टर हाताने दाबून धरून बसलेत. बाईचे ओठ पांढरे पडलेत."

"एक जण हवेत आहे."

"आहे की असेल?"

"माहीत नाही."

"सायलसदादा, अर्धा तास कुणी वर राहत नाही, तेही एवढं वजन घेऊन. उतरलाच असणार. सोडू का? तू म्हण, मी सोडते."

सायलस मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत गेला, परत आला, परत गेला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. तिकडे खाटेवर एक बाई होती, नक्की. इकडे हवेत दोन माणसं होती, कदाचित. ड्रोन त्या पंखाच्या दोऱ्यांत शिरलं तर दोघं दरीत आणि रक्तही दरीत. आणि 'असणार' या शब्दावर उडायचं नाही, हा नियम खुद्द सायलसनेच भिंतीवर लिहिलेला.

"नाही," तो म्हणाला. "रुळावर तयार ठेव." आणि घाटाच्या वळणाकडे धावत सुटला. मी मागे.

वळणावर गाड्यांची रांग दरीपर्यंत खाली गेली होती. सायलसने पहिल्या गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. आत पाच माणसं आणि एक बोकड.

"मामा, नारिंगी पंख कुठे उतरलेला पाहिलात का? गोरा माणूस आणि एक जाडजूड बाई. मागच्या गाडीला विचारा, त्यांना म्हणावं त्यांच्या मागच्याला विचारा. रक्त अडलंय!"

"कुणाचं रक्त?"

"बाळंतिणीचं!"

पुढचं सांगावं लागलं नाही. त्या मामांनी मागे ओरडून विचारलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. खिडक्यांतून माणसं कमरेपर्यंत बाहेर आली. पाव विकणाऱ्या बायका पराती डोक्यावर घेऊन खाली धावल्या. दोन दिवस मेलेल्या फोनने जे केलं नव्हतं, ते त्या तुंबलेल्या घाटाने केलं. प्रश्न वळणावळणाने खाली उतरत गेला, तो आम्हाला ऐकू येत होता, बारीक बारीक होत. मग थांबला.

सायलस रस्त्यावर येरझारा घालत होता. बोकडवाले मामा म्हणाले, "अरे बाबा, स्वस्थ उभा राहा. तुझ्याकडे बघून माझं ब्लडप्रेशर वाढतंय."

"उलट्या बाजूला बघा मामा."

"बोकड आहे उलट्या बाजूला."

आणि मग उत्तर वर येताना ऐकू आलं. आधी गलका, मग शब्द. मागच्या गाडीतली बाई ओरडली, "उतरलाय! तिसऱ्या वळणाखाली, पामतेलाच्या घाण्यापाशी, आजीबाईंच्या अंगणात! दोघंही धड आहेत, बाईंची एक चप्पल गेलीय!"

मी हुश्श केलं. सायलसने नाही. "कुणी पाहिलं स्वतः?"

"अरे, अख्ख्या घाटाने सांगितलं!"

"म्हणून तर." तो मोटरसायकलवर बसलाही होता. "घाट चप्पलसुद्धा सांगतो. मला माणूस बघायचाय."

तिसऱ्या वळणाखाली कच्च्या वाटेने आम्ही त्या अंगणात शिरलो. नारिंगी पंख नीट घडी करून पडवीत ठेवलेला, पाऊस आला तर भिजू नये म्हणून. त्यामुळेच तर कुणाला वरून दिसला नव्हता. आंब्याखाली पाटावर यान बसलेला, घामाने निथळत, पुढ्यात फुफूचा मऊ गोळा आणि बोकडाच्या रश्श्याचा वाडगा. शेजारी एका पायात चप्पल घातलेल्या बोआतेमाबाई, आणि समोर घरच्या आजीबाई, हनुवटीला हात लावून ऐकताहेत. बाईंचं 'येणं कसं झालं' चालू होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या नुकत्या अक्राहून निघाल्या होत्या.

"...तर गटातल्या बायका म्हणाल्या, बोआतेमा, तू उडालीस तर आम्ही तुला लुगडं घेऊ. मी म्हटलं, लुगड्याचं दुकान माझंच आहे..."

यानने आम्हाला बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला आमची भाषा बरीच येते. "मी तीनदा उठलो," तो म्हणाला. "तीनदा बसवलं."

"बसवणार नाही तर काय," आजीबाई म्हणाल्या. "आकाशातून माणूस अंगणात पडला आणि पाणी न पिता, न जेवता गेला, तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"निरोप तरी धाडायचा, मावशी!" सायलस बोआतेमाबाईंवर जवळजवळ ओरडला.

"आं? आमचं येणं सांगून झालेलं नाही आणि मध्येच उठून निरोप धाडू? आईबापांनी काही शिकवलंय की नाही आम्हाला!" बाई खरोखरच दुखावल्या. "आणि काय घाई आहे? उतरलोय ना आम्ही!"

सायलसचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने यानच्या खांद्याला हात लावून पाहिला, मग बोआतेमाबाईंच्या. पंखावरचा आकडा वाचला. अकरा. "तुझ्या मागे कुणी होतं? वर कुणी उरलंय?"

"कोणी नाही. टेकाडाकडे मी एकटाच आलो."

"डोरिस. अकरावा जमिनीवर. डोळ्यांनी पाहिला. सोड."

"सुटलं," डोरिस म्हणाली. दोन वाजून अडतीस मिनिटं.

चार मिनिटांनी ते आमच्या डोक्यावरून गेलं. मोठ्या भुंग्यासारखा आवाज, पांढरं पोट, आणि टेकाडाआड दिसेनासं. आजीबाईंनी मान वर करून विचारलं, "कुठे चाललंय?"

"पलीकडे, आजी. एका बाळंतिणीला रक्त घेऊन."

आजीबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी यानकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं, मग सायलसकडे. "हे माझ्या अंगणामुळे अडलं होतं?"

खोटं सायलसला येत नाही आणि खरं बोलवेना. "वाऱ्यामुळे," तो म्हणाला. वारा काही अंगणात तक्रार करायला येणार नव्हता. बोआतेमाबाईंनी मात्र दुसऱ्या पायातली चप्पलही काढून बाजूला ठेवली आणि ओठातल्या ओठात प्रार्थना पुटपुटू लागल्या.

दहा मिनिटांनी डोरिसने कळवलं, खोका पडला, सिस्टरने स्वतः धावत जाऊन उचलला. मग काही नाही. पंधरा मिनिटं. पाऊण तास. सायलस आंब्याभोवती फिरत होता. अंगणात त्याच्या पावलांची वाट पडली. आजीबाईंनी पाणी पुढे केलं, त्याने चालता चालता प्यायलं. यान मैदानावर जायला निघाला होता, तोही थांबला.

"डोरिस, फोन कर सिस्टरला."

"केला. म्हणाली, हात रिकामा नाही, परत केलास तर ठार मारीन."

"म्हणजे टोमणा मारला?"

"मारला."

त्याने एक फेरी जरा सावकाश घातली.

पावणेचारला संच खरखरला. "सायलसदादा, सिस्टरचा फोन आला होता. रक्त थांबलंय. तिसरी पिशवी चालू आहे. बाई शुद्धीवर आलीय, आणि नवऱ्यावर ओरडतेय."

"कशाबद्दल?"

"तिच्या आईला अजून कळवलं नाही म्हणून."

सायलस थांबला. त्या दिवशी प्रथमच तो वर बघत नव्हता.

"जोरात ओरडतेय का?"

डोरिसने विचारून घेतलं असावं, कारण जरा वेळ लागला. "सिस्टर म्हणते, व्हरांड्यात ऐकू येतंय."

"मग ठीक आहे," सायलस म्हणाला, आणि नानांना तांबडं फडकं उतरवायला सांगायला निघाला.